संगणक बदलताना बॅकअपचा चार्ज कसा द्यावा?

शिक्षकाची बदली झाली म्हणजे शाळा सोडण्यापूर्वी तो रीतसर चार्ज देतो. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रके, जडसंग्रह नोंदवही, कपाटांच्या किल्ल्या, शिलकेची रक्कम या सर्वांची यादी होते. देणारा व घेणारा दोघेही तिच्यावर सही करतात. हा उपचार कोणास कंटाळवाणा वाटत असेल. परंतु त्यामुळेच माणसे बदलली तरी शाळेचे दप्तर अखंड राहते. आज दप्तराचा बराचसा भाग संगणकात गेला आहे, आणि संगणकाचीही बदली होऊ लागली आहे. कधी त्याची डिस्क बदलते, कधी विंडोज नव्याने बसविले जाते, तर कधी जुने यंत्र जाऊन नवे येते. अशा वेळी जुन्या यंत्राचा चार्ज नव्याने घ्यावयाचा असतो, ही गोष्ट मात्र पुष्कळदा कोणाच्याच ध्यानात येत नाही. त्यातही बॅकअपचा, म्हणजे राखीव प्रतींच्या व्यवस्थेचा चार्ज तर हमखास राहून जातो. तो कसा द्यावा व घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. बॅकअप आणि बॅकअपची मांडणी

प्रथम दोन गोष्टींतील भेद स्पष्ट करून घेऊ. बॅकअप म्हणजे आपल्या फाइलींची दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली प्रत. बॅकअपची मांडणी म्हणजे ती प्रत कशी घ्यावयाची याविषयी आपण संगणकाला दिलेल्या सूचना. मांडणीत सहा प्रश्नांची उत्तरे साठविलेली असतात. प्रत कोठून घ्यावयाची? काय घ्यावयाचे व काय वगळावयाचे? ती कोठे ठेवावयाची? केव्हा घ्यावयाची? कोणत्या वापरकर्त्याच्या खात्यातून घ्यावयाची? आणि कोणत्या परवलीच्या शब्दाने ती कुलूपबंद करावयाची?

यांपैकी बहुतेक उत्तरे त्या विशिष्ट यंत्राशी बांधलेली असतात, हे विसरून चालणार नाही. आपण म्हणतो, ‘शाळेच्या फाइलींचा बॅकअप घे.’ संगणक मात्र ऐकतो, ‘सी ड्राइव्हवरील अमुक वापरकर्त्याच्या डॉक्युमेंट्स या फोल्डरात जे असेल त्याची प्रत घे.’ आपल्या मनात वस्तू असते, संगणकाच्या ध्यानात पत्ता असतो. वस्तू पत्ता सोडून गेली, तर संगणक रिकाम्या घराचीच इमानाने राखण करीत बसतो.

२. एक अनुभव

काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो, तेथे आम्ही गावातील वृद्ध स्त्रियांच्या जात्यावरील ओव्या ध्वनिमुद्रित करण्याचा उपक्रम हाती घेतला होता. सहावी-सातवीच्या मुलींनी घरोघर जाऊन आपल्या आज्यांकडून ओव्या म्हणवून घेतल्या आणि शाळेच्या संगणकात त्या नावानिशी नोंदविल्या. दर शनिवारी दुपारी संगणक आपोआप सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेत असे. पडद्यावर ‘बॅकअप यशस्वी’ असा संदेश उमटे आणि आम्ही निश्चिंतपणे घरी जात असू.

मध्यंतरी सी ड्राइव्ह भरला. दुरुस्तीस आलेल्या गृहस्थाने आमच्याच सांगण्यावरून सर्व फाइली डी या दुसऱ्या डिस्कवर हलविल्या. संगणक पुन्हा चपळपणे चालू लागला, सर्वांना आनंद झाला. बॅकअपची मांडणी मात्र कोणी पाहिली नाही. ती पूर्वीच्याच पत्त्यावर, म्हणजे आता जवळजवळ रिकाम्या झालेल्या फोल्डराकडे पाहत राहिली. शनिवारी संदेश येतच होता. तो खोटाही नव्हता. सांगितलेल्या जागी जे होते, त्याची प्रत खरोखरच घेतली जात होती.

दहा महिन्यांनी डी डिस्क निकामी झाली. बाहेरची डिस्क उघडून पाहिली, तेव्हा फाइली हलविण्याच्या दिवसापर्यंतच्या ओव्या सापडल्या. त्यानंतरची एकही नाही. त्या काळात मुद्रित केलेल्या आज्यांपैकी एक पुढे वारल्या. त्यांचा मुलगा शाळेत आला आणि म्हणाला, “गुरुजी, आईचा आवाज तेवढा द्या.” त्याला देण्याजोगे आमच्यापाशी काही नव्हते. दाखला हरवला तर जनरल रजिस्टरावरून दुसरा देता येतो. गेलेला आवाज कोणत्या रजिस्टरावरून द्यावा? या प्रसंगात यंत्राची चूक नव्हती. दुरुस्ती करणाराचीही म्हणता येणार नाही. चार्ज घेण्याचे राहून गेले, ती चूक माझी होती.

३. मोठ्यांच्याही बाबतीत हेच घडते

अशी चूक केवळ खेड्यातील शाळेतच होते, असे समजण्याचे कारण नाही. गिटलॅब ही जगभरातील संगणक-आज्ञावल्या सांभाळणारी प्रसिद्ध कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याने घाईत चुकीच्या यंत्रावरील माहितीसाठा पुसून टाकला. राखीव प्रत शोधू लागले, तेव्हा ती ठेवण्याची जागा रिकामी आढळली. कारण पाहण्यासारखे आहे. माहितीसाठा सांभाळणारी मूळ प्रणाली ९.६ या आवृत्तीची होती, परंतु प्रत घेणारे साधन ९.२ या आवृत्तीचे चालविले जात होते. आवृत्त्या जुळत नसल्यामुळे प्रत्येक वेळी प्रत घेणे फसत होते. ते फसल्याची सूचना देणारी ई-पत्रेही टपाल-यंत्रणेकडून नाकारली जात होती, त्यामुळे कोणास काही कळले नाही. अन्य कामासाठी सुमारे सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत सुदैवाने हाती लागली म्हणून बहुतेक सर्व परत मिळाले. तरीही मधल्या काळातील सुमारे ५,००० प्रकल्पांतील फेरफार, ५,००० टिपणे व ७०० नवी खाती गेली. कंपनीने हा सर्व वृत्तांत स्वतःच प्रामाणिकपणे प्रसिद्ध केला, हे तिला भूषणावह आहे. बोध एवढाच की, मूळ यंत्रणा व तिची प्रत घेणारी व्यवस्था यांचा मेळ सुटला, तर तो आपोआप जुळत नाही. आणि सुटल्याचे कळेलच अशीही खात्री नसते.

४. कोणत्या बदलाने काय बिघडते?

शाळेच्या संगणकात नेहमी घडणारे बदल व त्यांचे बॅकअपवर होणारे परिणाम पुढे क्रमाने दिले आहेत.

(अ) फाइलींची जागा बदलणे. याचे उदाहरण वर आलेच आहे. त्याचाच दुसरा प्रकार हल्ली फार आढळतो. वनड्राइव्हची सोय चालू करताना ‘फोल्डरांचा बॅकअप’ यास होकार दिला, तर डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप व पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरात हलतात. पडद्यावर सर्व पूर्ववत दिसते. पत्ता मात्र बदललेला असतो. जुन्या पत्त्यावर विसंबलेला बॅकअप तेव्हापासून रिता होतो.

(आ) ड्राइव्हचे अक्षर बदलणे. नवी डिस्क बसविली की कालची डी डिस्क आज ई होऊ शकते. बाहेरची डिस्क जोडण्याच्या क्रमानुसारही तिचे अक्षर बदलते. म्हणून बाहेरच्या डिस्कला विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये वर्णमालेच्या शेवटचे एखादे अक्षर कायमचे नेमून द्यावे.

(इ) विंडोज नव्याने बसविणे. यात मांडणी संपूर्ण पुसली जाते. शिवाय संगणकाला नवे नाव मिळते. आपण ते दिले नाही, तर ‘डेस्कटॉप’ या शब्दापुढे सात अक्षर-अंक जोडून विंडोज स्वतःच नाव ठेवते. २०१२ साली विंडोज ८ बरोबर आलेली ‘फाइल हिस्टरी’ ही सोय अनेक शाळांत वापरली जाते. ती आपल्या प्रती वापरकर्त्याच्या व संगणकाच्या नावाच्या फोल्डरात ठेवते. नाव बदलले की नव्या प्रती वेगळ्या फोल्डरात जाऊ लागतात, आणि जुन्या प्रती डिस्कवर असूनही पडद्यावर दिसत नाहीत. यावर उपाय आहे. नव्या विंडोजमध्ये फाइल हिस्टरी चालू करताना, त्याच डिस्कवरील पूर्वीचा बॅकअप वापरावयाचा आहे काय, असा पर्याय पुढे येतो. तो न वाचता पुढे जाऊ नये.

(ई) खाते किंवा परवलीचा शब्द बदलणे. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये नेमलेले काम एखाद्या वापरकर्त्याच्या नावाने व परवलीच्या शब्दाने चालत असेल, तर तो शब्द बदलताच काम बंद पडते. मुख्याध्यापकांची बदली होऊन त्यांचे खाते काढून टाकले, तर त्या खात्यावर चालणारा बॅकअपही त्यांच्याबरोबरच जातो.

(उ) यंत्राचा मुख्य भाग बदलणे. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल आणि मदरबोर्ड बदलला, तर संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. बाहेरची डिस्क बिटलॉकरने बंद केलेली असेल व जुने यंत्र तिला आपोआप उघडत असेल, तर नवे यंत्र तसे करणार नाही. तेही परवलीचा शब्द किंवा हीच किल्ली मागेल. ती कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवलेली नसेल, तर सर्व प्रती सुखरूप असूनही आपल्याला दुरावतात.

(ऊ) संपूर्ण यंत्रच बदलणे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते व ती पुष्कळ जुन्या यंत्रांत नाही. त्यामुळे यंत्रे बदलण्याचे प्रसंग वाढले आहेत. अशा वेळी जुने यंत्र दुसऱ्या वर्गात ठेवले जाते आणि त्यातील बॅकअपची मांडणी तशीच चालू राहते. दोन यंत्रे एकाच फोल्डरात प्रती लिहू लागली, तर एक दुसऱ्याच्या प्रती बिघडवू शकते. दोन वर्गांनी एकाच हजेरीपत्रकात हजेरी मांडण्यासारखा हा प्रकार आहे.

५. सर्वांत घातक प्रसंग

वरील बहुतेक प्रकारांत नवी प्रत निघत नाही, पण जुनी शाबूत राहते. एका प्रकारात मात्र जुनीही नष्ट होते, म्हणून त्याचा स्वतंत्र उल्लेख करतो. विंडोजमधील रोबोकॉपी या साधनात ‘मिरर’ म्हणजे आरसा नावाची आज्ञा आहे. अन्य साधनांतही तिच्यासारख्या आज्ञा असतात. मूळ फोल्डर व प्रत तंतोतंत सारखी ठेवणे, हे तिचे काम. मुळात नवे आले तर प्रतीत टाकावयाचे, आणि मुळातून गेले तर प्रतीतूनही काढावयाचे. आता कल्पना करा, नवी डिस्क बसविली, जुन्याच नावाचा परंतु रिकामा फोल्डर तयार केला आणि फाइली परत आणण्यापूर्वीच शनिवार उजाडला. आरसा रिकाम्या फोल्डराकडे पाहतो आणि प्रतही रिकामी करून टाकतो.

हाच धोका निराळ्या रूपाने वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह यांवरील समक्रमणातही असतो. येथून फाइल काढली, तर तेथूनही जाते. व्यक्तिगत वनड्राइव्हच्या आणि गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, पुढे मिळत नाही. समक्रमण ही सोय चांगली. परंतु ती राखीव प्रतीची जागा घेऊ शकत नाही.

६. स्थलांतराची कृती

यंत्रात कोणताही बदल करावयाचा असेल, तर पुढील क्रम पाळावा.

बदलापूर्वी :

पहिले, वर सांगितलेल्या सहा प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत. हीच आपली चार्ज-यादी होय. तिच्यात एकूण फाइली किती व त्यांचे आकारमान किती, हे आकडेही लिहावेत.

दुसरे, त्याच दिवशी एक ताजी प्रत घ्यावी.

तिसरे, मांडणी फाइलरूपाने बाहेर काढता येत असेल, तर ती काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवावी. टास्क शेड्यूलरमधील नेमलेले काम असे बाहेर काढता येते. डुप्लिकाटी या विनामूल्य साधनातही तशी सोय आहे. नव्या यंत्रावर ही फाइल आत घेतली, की जुन्या प्रतींवरून त्यांची सूची पुन्हा तयार करून घेता येते. परवलीचा शब्द मात्र वेगळा लिहून ठेवावा. तो हरवला तर कुलूपबंद प्रत कोणीही उघडू शकणार नाही.

चौथे, संगणकातील टंकांचा फोल्डर, म्हणजे फॉन्ट, यांची प्रत घ्यावी. मराठी शाळांच्या दृष्टीने हे अतिशय महत्त्वाचे आहे. युनिकोडपूर्वी आपण सुरेख, श्रीलिपी, कृतिदेव इत्यादी टंकांत मजकूर लिहीत असू. तो टंक नव्या यंत्रात नसला, तर फाइल परत येते, परंतु अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. हे टंक विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात असल्यामुळे डॉक्युमेंट्सच्या बॅकअपमध्ये ते नसतात.

पाचवे, आपोआप चालणारे काम थांबवावे आणि बाहेरची डिस्क यंत्रापासून काढून ठेवावी. आरशाच्या धोक्यावर हाच खरा उपाय आहे.

बदलानंतर :

सहावे, प्रथम फाइली व टंक नव्या यंत्रावर परत आणावेत, उघडून पाहावेत, आणि मगच बॅकअपचा विचार करावा. हा क्रम कधीही उलटा करू नये.

सातवे, जुनी मालिका पुढे चालवावयाची की नवी सुरू करावयाची, हे ठरवावे. केवळ फोल्डराचा किंवा ड्राइव्हचा पत्ता बदलला असेल, तर मांडणीत पत्ता सुधारून जुनी मालिका पुढे चालवावी. यंत्रच नवे असेल, तर नव्या नावाच्या फोल्डरात नवी मालिका सुरू करणे निर्धोक. जुनी मालिका निदान एक संपूर्ण शैक्षणिक वर्ष तशीच जपावी. काही साधनांत या निर्णयाचा वेगळा परिणाम होतो. उदाहरणार्थ, रेस्टिक हे साधन प्रत्येक प्रतीवर यंत्राचे नाव नोंदविते आणि जुन्या प्रती काढण्याचा नियम त्या-त्या नावाच्या गटाला स्वतंत्रपणे लावते. यंत्राचे नाव बदलले, तर जुन्या नावाच्या प्रती नव्या प्रतींच्या हिशेबात येत नाहीत व जागा अडवून बसतात. म्हणून विंडोज नव्याने बसविल्यावर शक्य तर संगणकाला त्याचे पूर्वीचेच नाव द्यावे; परंतु जुने यंत्रही वापरात राहणार असेल, तर एकच नाव दोघांना देऊ नये.

आठवे, पत्ता, खाते, वेळ व परवलीचा शब्द नव्याने भरावा आणि जुन्या यंत्रातील मांडणी काढून टाकावी.

७. पडताळा

‘बॅकअप यशस्वी’ हा संदेश म्हणजे पडताळा नव्हे, हे आमच्या अनुभवावरून दिसून येईल. पडताळा दोन प्रकारे घ्यावा. पहिला आकड्यांचा : चार्ज-यादीतील फाइलींची संख्या व आकारमान नव्या प्रतीशी ताडून पाहावे. तीन हजारांच्या जागी चाळीस फाइली दिसल्या, तर संदेश काहीही म्हणो, चूक झालेली आहे. दुसरा पडताळा प्रत्यक्ष परत आणण्याचा : सर्वांत जुनी, सर्वांत मोठी व कालच तयार केलेली, अशा तीन फाइली प्रतीवरून निराळ्या फोल्डरात आणाव्यात, उघडाव्यात आणि वाचून पाहाव्यात. कालची फाइल सापडली नाही, तर आमच्या ओव्यांचे झाले तेच तुमच्या फाइलींचे होत आहे, असे समजावे. हा पडताळा दर सत्राच्या आरंभी घ्यावा व त्याची तारीख नोंदवहीत लिहावी.

हे काम एकट्या शिक्षकाने करण्याचे कारण नाही. सातवीच्या मुलांना आकडे ताडून पाहण्याचे काम आनंदाने करता येते. ‘संगणक सांगतो ते खरे, की आपण मोजले ते खरे?’ हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा. पडद्यावरील शब्द तपासून घेण्याची सवय या वयात लागली, तर ती जन्मभर उपयोगी पडते.

८. समारोप

शासनाच्या यू-डायस प्लस या संकेतस्थळावर भरलेली माहिती शासनाच्या यंत्रांवर असते. तिच्या राखीव प्रतींची चिंता आपणांस करावी लागत नाही. परंतु निकालपत्रके, व्यवस्थापन समितीची इतिवृत्ते, मुलांचे लेखन, गावाचे जुने फोटो, आज्यांच्या ओव्या हे सर्व केवळ आपल्याच यंत्रात असते आणि ते सांभाळणारे केवळ आपणच असतो.

यास फार पैसा लागत नाही आणि फार विद्याही लागत नाही. एक बाहेरची डिस्क, एक नोंदवही, आणि यंत्र बदलताना एक दुपार, एवढ्यात हे काम होते. पुढच्या वेळी दुरुस्तीस कोणी आले आणि ‘गुरुजी, काम झाले’ असे म्हणून निघू लागले, तर त्यांना क्षणभर थांबवावे, चार्ज-यादी समोर ठेवावी, आणि कालची फाइल प्रतीवरून परत आणून पाहावी. ती उघडली म्हणजे चार्ज पुरा झाला.